कालपर्यंत सोबत डबा खाल्ला, आज त्यांचाच सुपरवायझर झालोय. लोक सांभाळायचं काम शिकायचं कसं?

गंगथडी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचून मग सांगा.

मी वाळूज एमआयडीसीत एका वेंडर कंपनीच्या प्रेस शॉपला आहे. दुचाकीचे शीट मेटलचे पार्ट काढतो. आयटीआय करून ट्रेनी म्हणून लागलो, मग ऑपरेटर, मग डाय सेटर, म्हणजे प्रेसवर साचा (डाय) बसवणारा. सगळी मिळून अकरा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी आमचे जुने सुपरवायझर सोडून गेले आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "उद्यापासून पहिली शिफ्ट तुझी." पगारात थोडी वाढ, निळ्याच्या जागी पांढरा शर्ट आणि हातात एक रजिस्टर. काम कसं करायचं ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण अकरा वर्षं हेच तर बघत आलोय असं वाटलं.

शिफ्टला एकोणीस जण आहेत. सहा परमनंट, बाकी कॉन्ट्रॅक्टची आणि ट्रेनी पोरं, त्यात चार मुली. परमनंटपैकी एक माझा जिवलग. इथंच वाळूजजवळच्या रांजणगावला एका खोलीवर आम्ही चार वर्षं काढली, माझ्या वरातीत सगळ्यात जास्त तोच नाचला. तो सातच्या शिफ्टला सात वीसला येतो. पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या आठवड्यात आणखी तिघं सात वीसला यायला लागले. आता त्यांना कोणत्या तोंडानं बोलू?

दुसरं जास्त लागलंय. कन्नड तालुक्यातला एक ट्रेनी, एकोणीस वर्षांचा. त्याच्या प्रेसवर ब्रॅकेटला बर (कापलेल्या कडेवरचा धारदार कंगोरा) आली आणि ३४० पीस बिनमध्ये पडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. क्वालिटीनं लॉट अडवला, साहेबांचा फोन आला आणि मी सगळ्या लाइनसमोर त्या पोरावर ओरडलो. काय बोललो ते इथं लिहवत नाही. पोरगं मान खाली घालून रिवर्कला बसलं, सुट्टीपर्यंत कानस मारत राहिलं. दुसऱ्या दिवशी आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्याचे सेफ्टी शूज अजून रॅकमध्ये आहेत.

डाय बदलायची वेळ आली की मीच जातो. १६० टनी प्रेसवर मी पंचवीस मिनिटांत सेटिंग करून पहिला पीस काढतो, दुसऱ्या कोणाला तासभर लागतो. पण मी तिकडं वाकलेला असतो तेव्हा इकडं तीन प्रेस कशासाठी थांबलेत हे मला कळत नाही.

आणि मागच्या आठवड्यात येळवस (वेळ अमावस्या) झाली. लातूर-धाराशिवचे पाच जण एकदम गैरहजर. मी पैठण तालुक्यातला, आमच्याकडं येळवस नसते. साहेब म्हणाले, "तुला लोक सांभाळता येत नाहीत."

खरंच येत नसेल तर मला शिकायचंय. परत मशीनवर जायची लाज नाही, पण न शिकता जायचं नाही.

~

शेंद्रा_नवीन:

दादा, वाचतोय. मलाही पुढच्या महिन्यापासून लाइन देणार आहेत. तुमचा प्रश्न माझाच आहे.

~

टूलरूम:

गंगथडी, मनापासून लिहिलंत. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे जिथं डाय बनतात आणि दुरुस्त होतात तिथं, काढली, शेवटची काही वर्षं पोरांना शिकवण्यात गेली. १९८५ साली बजाजचा प्लांट वाळूजला सुरू झाला आणि मागोमाग वेंडर उभे राहत गेले, तेव्हापासूनचा हा शॉप फ्लोअर पाहतोय. चांगला डाय सेटर उचलून सुपरवायझर करायचा आणि शिकवायचं काहीच नाही, हे तेव्हापासून चालत आलंय. त्यात कंपनीचं दुहेरी नुकसान आहे. कसबी सेटर हातचा जातो आणि कच्चा सुपरवायझर पदरात पडतो.

आधी त्या पोराचं बघू. तुम्ही लिहिलंत, त्याच्या लक्षात आलं नाही. मला तीन गोष्टी सांगा. त्या डायचं शार्पनिंग शेवटचं कधी झालं? त्यानंतर किती स्ट्रोक पडले? आणि बर कशी बघायची, हे त्या पोराला कोणी हातात पीस देऊन दाखवलं होतं का?

बर ऑपरेटरच्या हातून येत नाही, हे तुम्ही डाय सेटर म्हणून माझ्याइतकंच जाणता. पंचची (वरून पत्रा कापणाऱ्या भागाची) धार गेली किंवा क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एका बाजूला सरकला की येते. पोरानं फक्त ती वेळेवर पाहिली नाही. आणि न पाहण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की पाहायचं काय, ते त्याला माहीतच नसतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमधले जाणते कामगार लढाईवर गेले आणि कधी मशीन न पाहिलेली माणसं लाइनवर आली. त्यांना पटकन तयार करायला सुपरवायझरांसाठी छोटे वर्ग काढले होते, १९४० ते १९४५. दहा-दहा तासांचे तीन वर्ग: काम शिकवायचं कसं, पद्धत सुधारायची कशी आणि माणसांशी वागायचं कसं. युद्धानंतर हेच वर्ग जपानमध्ये गेले आणि टोयोटासारख्यांनी ते मुरवून घेतले. त्यातलं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: शिकणाऱ्याला आलं नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

पद्धत सोपी आहे. आधी पोराला मोकळं करायचं, त्याला आधीचं किती येतं ते विचारायचं. मग स्वतः करून दाखवायचं, एका वेळी एकच टप्पा, आणि प्रत्येक ठिकाणी "असंच का" ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्यानं तोंडानं सांगायचं. शेवटी त्याला एकट्याला सोडायचं, अडलं तर कोणाकडं जायचं ते सांगून, आणि सुरुवातीला वरचेवर चक्कर मारायची. आपण दुसरा टप्पा करतो आणि बाकीचे सोडून देतो. "बघ, असं करायचं, कळलं ना?" पोरगं मान हलवतं, झालं.

बर शिकवायची असेल तर हे करून बघा. एक चांगला पीस आणि एक बर आलेला पीस घ्या. कापसाचा बोळा पोराच्या हातात द्या आणि दोन्हींच्या कडेवरून फिरवायला सांगा. चांगल्या कडेवरून बोळा गुळगुळीत निघतो, बर असेल तिथं कापसाचे तंतू अडकून राहतात. बोट कापायची भीती नाही, अंदाजाचं काम नाही. दर पन्नास पीसला एकदा. आपल्या भागातल्या पोराला कापसाची भाषा समजावून सांगावी लागत नाही, लहानपणापासून वेचलाय त्यानं.

आणि त्याच्या खोलीवर जाऊन या. पत्ता कॉन्ट्रॅक्टरकडं असेल.

~

लोखंडी_जालना:

टूलरूमकाकांचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. मी जालन्याला रोलिंग मिलमध्ये आहे. आमच्याकडं लाल लोखंड रोलमधून धावत असतं, तिथं एक माणूस जागेवर नसला की दुसऱ्याच्या अंगावर येतं. नुसती माया लावून लाइन चालत नाही.

गंगथडी भाऊ, तुमची खरी चूक पोरावर ओरडण्याच्या आधीची आहे. मित्राला पहिल्या दिवशी बोलला नाहीत तिथंच शिफ्ट हातातून सुटली. लोक तुमच्या तोंडाकडं बघत नव्हते, तुमचा मित्र किती वाजता येतो ते बघत होते. त्या पोरानं काय पाहिलं? मित्राला वीस मिनिटं माफ आणि मला एका चुकीला जाहीर शिव्या. तो बर आली म्हणून गेला नाही, हे बघून गेला.

माझं म्हणणं, सरळ मेमो द्या. पहिला मेमो मित्रालाच.

~

मांजराकाठ:

मी लातूरला एका हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इनचार्ज सिस्टर आहे. तुमच्या मशीनचं मला काही कळत नाही, पण जिच्यासोबत ट्रेनिंग केलं तिचीच इनचार्ज होणं काय असतं ते पुरतं कळतं.

जालनाकरांचं निदान पटलं, औषध पटलं नाही. मेमो हा शेवटचा कागद. आधी बोलणं तरी झालं पाहिजे. दोन महिने गप्प राहून एकदम कागद दिला तर मित्र म्हणेल, पांढरा शर्ट आला आणि माणूस बदलला. त्याचं चूक म्हणता येईल का?

माझ्या बॅचची एक मैत्रीण सकाळच्या ड्यूटीला रोज उशिरा यायची. नाइटच्या सिस्टरला हँडओव्हर देण्यासाठी ताटकळावं लागायचं. मीही महिनाभर गिळलं. मग एका रविवारी ड्यूटी संपल्यावर तिला घेऊन बसले, वॉर्डात नाही, मागच्या पायऱ्यांवर. मी आधी स्वतःचं सांगितलं. म्हणलं, मी पहिल्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही, ती माझी चूक. मग जे घडतंय तेवढंच सांगितलं: तू साडेसातच्या ऐवजी पावणेआठला येतेस, नाइटची पोरगी बारा तास उभी राहून वर पंधरा मिनिटं थांबते, मंगळवारी तिची औशाची गाडी चुकली. "तू अशीच आहेस, तुला कदर नाही" असं काही नाही. आणि विचारलं, काय अडतंय?

तिची सासू अंथरुणाला खिळली होती. सकाळी तिचं सगळं आवरून निघायची. आठ वर्षांची मैत्री, आणि मला माहीत नव्हतं. आम्ही तिची ड्यूटी दुपारची करून घेतली. पण हेही सांगते, सासूचं कारण निघालं नसतं तरी मी तिला वेळ सांगूनच उठले असते. कारण समजून घेणं वेगळं आणि नियम सोडून देणं वेगळं.

तुमच्या पोरासारखं माझ्याकडंही झालंय. ओरडायचं असेल तर पडद्याआड, आणि चांगलं बोलायचं असेल तर सगळ्यांसमोर. मला हे आमच्या जुन्या मेट्रननी शिकवलं.

येळवशीबद्दल: दादा, तुम्ही पैठणकडचे म्हणून माफ. पण लातूरच्या माणसाला येळवशीला अडवू नका. त्या दिवशी आमचं शहर ओस पडतं, सगळे शेतावर. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. नोकरी बदलता येते, येळवस बदलता येत नाही.

~

लोखंडी_जालना:

सिस्टर, पायऱ्यांवरचं पटलं. मेमोचं मागं घेतो. पण बोलून पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर?

~

मांजराकाठ:

मग मेमो. आणि तो देताना हात थरथरू द्यायचा नाही.

~

बालाघाट_बीड:

सुट्टीच्या विषयावर लिहितो. माझे वडील मुकादम होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची टोळी घेऊन पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर जायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर परत. टोळीत बारा-पंधरा कोयते. नवीन लोकांसाठी सांगतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं.

वडिलांना लिहिता येत नव्हतं, पण कोणाच्या घरी लग्न कधी, कोणाची म्हातारी आजारी, कोणाची बायको किती महिन्यांची, हे सगळं तोंडपाठ. फडात कोणत्या आठवड्यात कोण कमी पडणार हे त्यांना महिनाभर आधी कळायचं आणि त्या हिशोबानं ते टोळी लावायचे. दादा, तुमच्याकडं एकोणीस जण आहेत. एकोणीस जणांच्या गावांची नावं न बघता सांगता येतात का? कोणाचं सोयाबीन ऑक्टोबरमध्ये काढणीला येतं, कोणाच्या कपाशीला वेचणीला माणूस मिळत नाही, कोणाला येळवस, कोणाला रमजान, कोणाला भीमजयंती? एक मोठं कॅलेंडर घ्या आणि त्यांनाच त्यावर लिहू द्या. पाच जण एका दिवशी मागतायत हे दीड महिना आधी दिसलं, तर साहेबांकडं जाऊन त्या दिवसाचा प्लॅन कमी करून घेता येतो, नाहीतर आधीच्या रविवारी ओटी (ओव्हरटाइम) लावता येतो. सकाळी सात वाजता कळलं तर नुसता शिमगा.

पण दुसरी बाजू न सांगता उठणं मला जमणार नाही. मुकादमाची माणसं टोळी सोडून जात नव्हती, त्यात वडिलांचा स्वभाव होता तशी उचलही होती, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. अंगावर उचल घेतलेला माणूस जाणार कुठं? बाया गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात मोळ्या वाहताना मी पाहिल्यात, माझी आई त्यांच्यातलीच. म्हणून "जुने मुकादम काय माणसं सांभाळायचे" असं कोणी म्हणलं की मला त्रास होतो. तुमची पोरंही कॉन्ट्रॅक्टची आहेत. ती गप्प आहेत म्हणजे खूश आहेत असं समजू नका, त्यांना बोलायची सोय नाही एवढंच त्यातून कळतं.

~

टूलरूम:

बालाघाट, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

~

गंगथडी:

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत वाचत होतो.

टूलरूमसर, तुम्ही विचारलेलं तपासलं. त्या डायचं शार्पनिंग ठरलेल्या स्ट्रोकच्या कितीतरी पुढं गेलं होतं. टूलरूमला पाठवा अशी नोंद जुन्या सुपरवायझरच्या रजिस्टरमध्ये होती. मी ते पान उघडूनही बघितलं नव्हतं. म्हणजे ज्या चुकीसाठी मी त्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं, ती माझ्या रजिस्टरमध्ये पडून होती.

बालाघाटभाऊ, एकोणीसपैकी सात जणांची गावं सांगता आली. सातच.

आता एक गोष्ट जी मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही. आमच्या दोन प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा आहे. हात मध्ये आला की रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबतो. पण पीस काढताना तो वरचेवर ट्रिप होतो आणि तासाचे पीस कमी निघतात. रात्रपाळीत तो बायपास करून चालवतात. मी सकाळी चार्ज घेतो तेव्हा बहुतेक वेळा बायपासच असतो, मी परत चालू करतो. पण मागच्या महिन्यात डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती, साहेबांचे तीन फोन झाले होते, आणि मी दोन तास तसाच चालू दिला. मशीनवर त्या चार मुलींपैकी एक होती. काही झालं नाही. पण तेव्हापासून झोपेत तोच रॅम दिसतो.

~

लोखंडी_जालना:

गंगथडी, बाकी सगळं बाजूला ठेवा. मित्र उशिरा येऊ दे, येळवशीला लाइन बंद पडू दे, पण हे उद्या सकाळी सात वाजता थांबवा.

मी इथं कडक बोलणारा म्हणून दिसलो असेन. कशामुळं ते सांगतो. जालन्याला यायच्या आधी मीही दुसऱ्या गावी प्रेस शॉपला होतो. जुना पिन क्लचचा प्रेस होता. त्याला लाइट कर्टनचा उपयोगच नसतो, कारण एकदा पिन बसली की फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. म्हणून त्याला दोन हातांची बटणं होती, दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक. पोरांनी एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती, एक हात मोकळा राहावा म्हणून. मला दिसत होती. तासाला पन्नास-साठ पीस जास्त निघत होते आणि महिन्याच्या मीटिंगला माझ्या लाइनचं नाव निघालं होतं. मी पाचर काढली नाही.

परळीकडचा पोरगा होता. उजव्या हाताची दोन बोटं. मी त्याच्यासोबत गाडीत बसून दवाखान्यात गेलो. वाटेत तो मला एवढंच विचारत होता, "साहेब, मशीन बंद केली का? लॉट अडकंल." बोटं तुटलेला पोरगा लॉटची काळजी करत होता, कारण आम्ही त्याला तेवढंच शिकवलं होतं.

आता नाही म्हणायचं कसं ते सांगतो. साहेबाला जाऊन "सेफ्टी फर्स्ट" ऐकवू नका, तो पोस्टर त्याच्या मागंच लावलेला असतो. आकडा घेऊन जा. कर्टन तासाला किती वेळा ट्रिप होतो, चार दिवस लिहून काढा. मग मेंटेनन्सला सोबत घेऊन तो का ट्रिप होतो ते बघा. बरेचदा कर्टनची जागा चुकलेली असते, नाहीतर पीस हातानं काढायला लागतो हाच दोष असतो. चिमटा, मॅग्नेट किंवा एअर ब्लो लावला की हात आत जायचंच कारण उरत नाही. बायपासची चावी प्रेसवर राहू देऊ नका. ती मेंटेनन्स हेडच्या ताब्यात, सही करूनच बाहेर. आणि साहेबांना मेल करा, दोन ओळींचा: अमुक प्रेसवर कर्टन बायपास आढळला, माझ्या शिफ्टमध्ये मी तसा चालवणार नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरला आधी समोर सांगा, मग मेल. पाठीमागून नको.

मेल केल्यावर साहेब रागावले तर रागावू द्या. खालच्यांना शिस्त लावणं सोपं असतं हो. वरच्याला नाही म्हणायची वेळ येते तेव्हा पोरं बघत असतात.

~

शेंद्रा_नवीन:

आमच्याही शॉपला एका बटणाला चिकटपट्टी आहे. उद्या काढतो.

~

तेरणा:

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. कारखान्यातलं कळत नाही, एक आठवण सांगतो.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा नवखा कारकून. किल्लारी, सास्तूर त्या पट्ट्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. पहिले दोन दिवस आम्ही दहा-बारा जण नुसते धावत होतो, प्रत्येक जण सगळं करत होता आणि कशाचाच पत्ता लागत नव्हता. वरून पाऊस. देशभरातून ट्रक येत होते, एका गावात चादरींचा ढीग आणि शेजारच्या गावात पाणी नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्यावर एक अधिकारी नेमून आले. त्यांनी भाषण केलं नाही. एकेकाला एक गाव आणि एकच काम वाटून दिलं. मला म्हणाले, "तुला फक्त पाणी. चादरी कोणी मागितल्या तरी तू बघायचं नाहीस, नाव लिहून त्या माणसाकडं पाठवायचं." आणि रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात सगळ्यांना बसवून एकच विचारायचे: "उद्यासाठी काय अडलंय?" आज काय केलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जे अडलंय ते सोडवायची जबाबदारी ते स्वतःवर घ्यायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याचं काय झालं ते आम्हाला सांगायचे.

गंगथडी, तुम्ही डाय बदलायला जाता तेव्हा हे संध्याकाळचं काम कोण करतं?

~

जुई_सं:

मी शेंद्र्याला एका प्लांटमध्ये प्रॉडक्शनला आहे. सगळे पुरुषांच्या अंगानं बोलतायत म्हणून एक मुद्दा.

दादा, तुमच्या शिफ्टचे निर्णय कुठं होतात? बहुतेक ठिकाणी सुट्टीनंतर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतात. उद्या कोणती मशीन कोणाला, ओटी कोणाला, कोणाची शिफारस करायची. तुमच्या चार मुली तेव्हा बसमध्ये बसलेल्या असतात. त्यांना सगळं दुसऱ्या दिवशी तयार होऊनच कळतं. मी सहा वर्षं पॅकिंगला काढली. मला डाय सेटिंग शिकायचं होतं आणि ते विचारायची जागाच सापडली नाही. शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहून बोलायची पद्धत पाडा, आणि जे बोलायचं ते तिथंच बोला.

आणखी एक. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिच्यावर कोण आहे, हे तुमच्या चौघींना माहीत आहे का, ते विचारा. विचारताना मात्र चौघींना एकत्र बोलवा, एकटीला केबिनमध्ये नको.

~

टूलरूम:

जुईताईंच्या मुद्द्याला जोडून. स्किल मॅट्रिक्सचा तक्ता तुमच्या भिंतीवर असेलच, चार भागांचे गोल असलेला. बहुतेक ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरतात. तुम्ही तो खराखुरा भरा. नुसतं बघितलंय तर एक भाग, कोणी शेजारी उभं असताना करता येतं तर दोन, एकट्यानं येतं तर तीन, दुसऱ्याला शिकवता येतं तर चार. मग उभी रांग बघा. ज्या कामाखाली पूर्ण भरलेला एकच गोल आहे आणि तोही तुमचाच, ते तुमच्या शिफ्टचं दुखणं. मला वाटतं ती रांग डाय सेटिंगची निघेल.

~

गंगथडी:

दीड महिन्यानं लिहितोय. उशीर झाला, पण आधी करून बघायचं होतं.

कर्टन: मेल केला. चार दिवस साहेब बोलले नाहीत. मी ट्रिपचा कागद ठेवला, तासाला सरासरी नऊ. मेंटेनन्सनं एका प्रेसवर कर्टन योग्य अंतरावर बसवला आणि पीस बाहेर काढायला एअर ब्लो लावला, आता तासाला एखाद-दुसरा ट्रिप होतो. दुसऱ्या प्रेसचं अजून व्हायचंय, तिथं पीस कमी निघतात आणि रोज मला त्यासाठी ऐकावं लागतं. चावी मेंटेनन्सकडं गेली. रात्रपाळीचा सुपरवायझर माझ्याशी धड बोलत नाही.

मित्र: कमळापूर रोडला चहा घ्यायला नेलं आणि सिस्टरांनी सांगितलं तसं आधी माझी चूक बोललो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तू सुपरवायझर झाला आन् मला कुणी विचारलं बी न्हाई. मी तुझ्यापेक्षा सीनियर." मला हे कधी सुचलंच नव्हतं. तो माझ्या आठ महिने आधी लागलाय. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलं. आता आठवड्यातले चार-पाच दिवस वेळेवर येतो. बाकीचे तिघं रोज येतात. आमचं पहिल्यासारखं नाही राहिलं, आणि तसं राहील असं आता मला वाटतही नाही.

ते पोरगं: वाळूजजवळच्या जोगेश्वरीला त्याच्या खोलीवर गेलो. दार त्यानंच उघडलं. मी सांगितलं की डायचं शार्पनिंग राहिलं होतं, तुझी चूक नव्हती, मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. त्यानं चहा केला. पण परत येत नाही म्हणाला, चिकलठाण्याला दुसरीकडं लागलाय. सेफ्टी शूज नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाच मिनिटांत मी सगळ्या लाइनला हेच सांगितलं, कारण ओरडलो तेही सगळ्यांसमोरच होतो.

कॅलेंडर लावलंय. मे महिन्याच्या लग्नसराईत तीन तारखा आत्ताच भरल्यात. सगळ्यांची गावं पाठ झालीत.

डाय सेटिंगची रांग टूलरूमसर म्हणाले तशीच निघाली, एकच पूर्ण गोल आणि तो माझा. दोघं शिकायला घेतले, एक परमनंट आणि चार मुलींपैकी एक. मुलगी औसा तालुक्यातली आहे, तिनं स्वतःहून हात वर केला. पहिल्या वेळी दोघांना सव्वा तास लागला. शट हाइट (रॅम पूर्ण खाली आल्यावरचं अंतर) चुकली, पहिला पीस पूर्ण वाकला नाही. माझे हात शिवशिवत होते, मी ते खिशात घालून उभा राहिलो. साहेब काचेतून बघत होते. मागच्या मंगळवारी त्यांनी त्रेचाळीस मिनिटांत केलं.

परवा मी दुसऱ्या टोकाला स्टोअरमध्ये होतो. परत आलो तर तिचा प्रेस बंद, लाल बिनमध्ये अकरा पीस, आणि बोर्डवर खडूनं लिहिलेलं: बर, डाय टूलरूमला पाठवली. कापसाचा बोळा तिनं तिथंच बिनच्या काठावर ठेवला होता, तंतू अडकलेल्या पीससकट, मला दिसावा म्हणून. ती तोवर शेजारच्या प्रेसवर कामाला लागली होती.